पितृपंधरवड्यात खानापूर ते निपाणी

पितृपंधरवड्यात कोण फिरायला जातं, असं गल्लीत दोघी-तिघींनी विचारलंच. त्यावर माझ्या नणंदेचं उत्तर तयार होतं: लॉज रिकामे असतात, बसला जागा मिळते आणि लग्न-मुंज-वास्तुशांत काही आडवं येत नाही. वन्सं निपाणीला असतात, प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यात. फोनवर माझं गाऱ्हाणं ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. गाऱ्हाणं एवढंच, की आमच्या घरात आता काही घडत नाही.

ज्यांना हे विचित्र वाटेल त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. माहेर बेळगावातल्याच शहापूरचं, वडिलांचे माग होते. आधी माग गेले, मग घर गहाण पडलं, मग वडिलांना अर्धांगवायू झाला. लग्न होऊन टिळकवाडीत आले तर सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्या गेल्या आणि पाठोपाठ यांच्या किडन्यांनी हात टेकले. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. मशीनवर चार तास, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. मधल्या दिवशी दम लागणं, बीपी पडणं, डायलिसिसच्या सुया टोचायला हातात जोडून घेतलेली शीर, म्हणजे फिस्टुला, बंद पडणं, रक्ताची बाटली शोधत फिरणं. किडनीसाठी 'जीवसार्थकते'च्या, म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी अवयवदान संस्थेच्या यादीत नाव घातलं होतं. एका रात्री फोन आला. कुठल्या तरी अनोळखी घराने आपलं माणूस गमावताना आमचं माणूस मशीनवरून सोडवलं. पहिलं वर्ष मास्क, रक्ततपासण्या आणि गोळ्यांची पातळी बघण्यात गेलं. मग तपासण्या लांबत गेल्या, हे दुकानात जाऊन बसू लागले, आणि एका सोमवारी सकाळी अकराला मी स्वयंपाकघरात उभी होते तर मला कुठंच जायचं नव्हतं.

लोक म्हणाले, आता आराम कर. मला धड बसताही येईना. मसाल्याचे डबे घासले, ते लखलखीत असताना परत घासले. नळ गळतो म्हणून यांच्याशी अशी भांडले, की जणू नळालाच आयसीयूत न्यायची वेळ आलीय. फोन दिवसभर वाजला नाही म्हणून शेजारणीला मिस्ड कॉल द्यायला लावला. वन्सं म्हणाल्या, "वैनी, बॅग भरा. लांब नको, आपल्याच जिल्ह्यात फिरू. बेळगावात जन्म गेला, तुम्ही गोकाकचा धबधबा तरी बघितलाय काय?"

नव्हता बघितला.

पहिला दिवस: खानापूर, नंदगड, हलशी

बेळगावहून खानापूरला सारख्या बसेस आहेत, त्याबद्दल वेगळं काही सांगण्यासारखं नाही. तिकिटाचं मात्र सांगते. जून 2023 पासून 'शक्ती' योजनेत कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये पैसे पडत नाहीत. कर्नाटकाचा पत्ता असलेलं आधार दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. ते जपून ठेवा, चेकर मागतो. महाराष्ट्रात जाणाऱ्या बसला ही सवलत नाही. बसवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर खानापूरच्या बाजूला खुशाल मराठीत विचारा.

खानापूरच्या स्टँडवर वन्संनी पाण्याची बाटली काढायला माझी पिशवी उघडली आणि तिथंच एकेक वस्तू बाकावर मांडायला सुरुवात केली. यांची फाईल. आधारच्या झेरॉक्स. टॉर्च, जादा चार्जर, हातमोजे, डिंकपट्टी, ग्लुकोज बिस्किटं, सुट्ट्या पैशांचा डबा, घडी केलेली चादर. "फाईल कशाला ओ वैनी? हलशीचा वराह रिपोर्ट बघणाराय?" शेजारी बसलेला म्हातारा मोठ्याने हसला. फाईल पिशवीतच ठेवली मी, पण तळाशी.

खानापूरची तांबडी माती विटा-कौलांना आणि मडक्यांना नावाजलेली. पण ह्या दिवसांत भट्ट्या गार असतात, थापलेला माल प्लास्टिकखाली झाकून ठेवलेला. पावसाने अजून पाय काढला नव्हता. नंदगडला उतरून संगोळी रायण्णाच्या समाधीला गेलो. कित्तूरच्या चन्नम्मा राणीसाठी लढलेल्या या माणसाला इंग्रजांनी 1831 मध्ये इथं फाशी दिली. आवारात शाळेची पोरं आली होती, त्यांचा गलका चालला होता.

तिथून हलशी. कदंब राजांची जुनी पलाशिका नगरी ती हीच, हे शाळेत शिकलेलं. पण भूवराह-नृसिंहाचं देऊळ एवढं देखणं असेल असं वाटलं नव्हतं. बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं. यातली गंमत अशी की गाभारे दोन आहेत, समोरासमोर. एकात विष्णू बसलेला, दुसऱ्यात दातावर पृथ्वी उचलून धरलेला वराह. मधल्या मंडपात उभं राहिलं की एकाकडे बघताना दुसऱ्याला पाठ होते. वन्सं निवांत खांबाला टेकून बसल्या. मीही बसले. थोड्या वेळाने बघते तर मी फरशीवरच्या सुकलेल्या पाकळ्या वेचून ढीग लावत होते. फुलं घेऊन आलेल्या एक आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं, सकाळी झाडतात की."

मुक्काम वन्संच्या जुन्या मैत्रिणीकडे होता, नंदगडच्या पुढे एका वाडीत. रात्री तांबड्या तांदळाचा भात, हुलग्याचं कढण, सुकटाची चटणी, आणि चुलीच्या आरात भाजलेली रताळी. रताळ्यांचा हंगाम नुकता लागला होता. बेळगाव-खानापूर पट्ट्यातलं रताळं नवरात्राच्या तोंडावर ट्रक भरभरून बाहेर जातं, बांधाबांधावर पोती रचलेली दिसतात.

आमच्या घरात मात्र रताळं कित्येक वर्षं आलं नव्हतं. डायलिसिसच्या माणसाला पोटॅशियम चालत नाही. रताळं, बटाटा, केळं, शहाळं सगळं बंद. भाजीसुद्धा बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजत घालायची, ते पाणी ओतून द्यायचं, मग शिजवायची. चव त्या पाण्याबरोबर मोरीत जायची. यांना नाही तर मलाही नको, असं म्हणून मीही सोडलं होतं. त्या रात्री मैत्रिणीने रताळं मधोमध मोडून हातावर ठेवलं. साल जळून कागदासारखी सुटलेली, आतला गर पिवळट, दोऱ्या-दोऱ्यांचा, वाफ येणारा. चिमूटभर मीठ. मी एक संपवलं, दुसरं घेतलं, आणि मनातल्या मनात मिलिग्रॅम मोजत होते. कुणासाठी, देवाला ठाऊक.

तीनला जाग आली. ही माझी रोजची वेळ. डायलिसिसच्या काळात रात्री यांचा श्वास बघायला उठायचे, ती सवय गेली नाही. ओसरीवर आले तर खाली भातात बॅटरीचा उजेड फिरत होता आणि मधूनच कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं.

दुसरा दिवस: जांबोटी, कणकुंबी

सकाळी तो डबा बडवणारा माणूस चहाला आला, मैत्रिणीचा दीर. भात पोटरीला आला की माळ्यावर बसावंच लागतं, म्हणाला. रानडुक्कर येतं, गवा येतो, कधी हत्तीही उतरतो. मी विचारलं, कापणी झाल्यावर काय करता?

"जाग येतीच की ओ तवाबी. तीन वाजता डोळा टक्क."

"मग?"

"मग काय. उठतो, तंबाखू मळतो, परत पडतो."

'परत पडतो' हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं कधी. मी तीनला उठले की गॅस पुसते, डाळ भिजत घालते, फाईलमधले कागद तारखेने लावते. जाग आली म्हणजे काम आलं, असा हिशेब. या गड्याने इतक्या सहज सांगितलं आणि बशीत चहा ओतला.

जांबोटीवरून कणकुंबीला जाणारा रस्ता पुढे चोर्ल्याने गोव्यात उतरतो. दोन्ही बाजूंनी रान, वळणावळणाला पाणी, आणि धुकं असं की ड्रायव्हरने दिवसा दिवे लावलेले. कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि जवळच मलप्रभेचा उगम. तीर्थाच्या कुंडात झिरपणारं हे एवढंसं पाणी; पुढे सौंदत्तीजवळ त्याच नदीवर धरण आहे आणि कुडलसंगमला ती कृष्णेला मिळते. याच तालुक्याच्या रानात म्हादईही उगम पावते, ती पश्चिमेला गोव्याकडे जाते. दोन राज्यं त्या पाण्यावरून कोर्टात भांडतात आणि इथं बायका कुंडाच्या काठावर कपडे वाळत घालायला ऊन शोधत होत्या.

इथं यायचं असेल तर: पावसाळ्यात छत्री उपयोगाची नाही, वाऱ्याने उलटते, रेनकोट आणा. जळवा असतात, तंबाखूची पूड जवळ ठेवा. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की फोन लागणार नाही.

हे शेवटचं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही कणकुंबीच्या अलीकडे एका घरगुती मुक्कामाला थांबलो. जेवायला छान होतं. जून तवसं किसून, गूळ आणि तांदळाचा रवा घालून थापलेली तवसळी होती, वर तुपाची धार. मी फोनकडे बघितलं तर रेंजचं एक कांडं नाही. यांच्या गोळ्या सकाळी नऊ, रात्री नऊ. त्यात बारा तासांचं अंतर पाळावं लागतं, नाहीतर शरीर ती परकी किडनी नाकारू शकतं, हे डॉक्टरांनी मला इतक्या वेळा बजावलंय की घासाबरोबर मला तेच ऐकू येतं. पावणेनऊ झाले. हात गार पडले, पाठीतून घाम निघाला. आणि खरं सांगू? त्याच वेळी डोकं एकदम स्वच्छ झालं. कितीतरी महिन्यांनी मला काय करायचं ते कळत होतं. चप्पल घातली, टॉर्च घेतला (पिशवीतला, वन्संना दाखवून), घरमालकाला विचारलं रेंज कुठं येते. वरच्या वळणावर, मोरीपाशी, म्हणाला. पोराला सोबत दिलं. पावसात चढून गेलो. त्या पोराने मोरीच्या कठड्यावर नेमका कुठं पाय ठेवायचा ते दाखवलं. तिथून अर्धं पाऊल सरकलं की रेंज गेली.

हे फोनवर आले तर मागे हसण्याचा आवाज. शेजारचे तिघे येऊन पत्ते मांडून बसले होते.

"गोळ्या?"

"घेतल्या की. नऊचा गजर लावलाय. तू जेवलीस काय?"

"हो."

"बरं मग, ठेवतो. माझी उतारी हाय."

पाऊस पडत होता, मी त्या कठड्यावर उभी. आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, चांगला सणसणीत राग. इतकी वर्षं मी नसते तर काय झालं असतं हे मी रोज ऐकत आले, लोकांकडून आणि स्वतःकडूनही. आणि आज मी नव्हते तर हे पत्ते खेळत होते. खाली आल्यावर वन्संना सांगितलं. त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "दादाला डोकं हाय की वैनी. तुम्ही असताना वापरायची गरज पडत नव्हती, इतकंच." तवसळी गार झाली होती, तरी खाल्ली.

तिसरा दिवस: गोकाक

परत बेळगाव, तिथून गोकाकची बस. घरावरून गेलो नाही. वन्संनी मुद्दाम स्टँडच्या बाहेर पडू दिलं नाही. बेळगाव सोडून पूर्वेला निघालं की तासाभरात सगळंच बदलतं. रान संपतं, माती काळी होते, ऊस आणि मका लागतो, कानावर कन्नड जास्त पडू लागतं.

धबधबा गावाच्या अलीकडे आहे, 'गोकाक फॉल्स' म्हणूनच उतरायचं. घटप्रभा इथं सुमारे 52 मीटर खाली उडी घेते, घोड्याच्या नालासारख्या कड्यावरून. सप्टेंबरमध्ये पाणी गढूळ, तांबूस आणि भरपूर. आवाज असा की शेजारचं माणूस काय बोलतं ते ओठांवरून ओळखावं लागतं. काठावर जुनी कापडगिरणी, नदीवर झुलता पूल. 1887 मध्ये याच पाण्यावर वीज केली होती, आपल्या देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. पुलावर कधी सोडतात, कधी नाही. पाणी जास्त असेल तर आग्रह धरू नका. कड्याच्या टोकाला जाऊन फोटो काढणारी पोरं बघून माझा जीव वरखाली होत होता. शेवटी मी त्यांच्याकडे पाठ करून बसले.

तिथं भाकरीची बुट्टी घेऊन बसलेली एक बाई होती. "ऊट आतेन्री?" जेवण झालं का, तिने विचारलं. माझं कन्नड बाजारापुरतं. ज्वारीची कडक भाकरी, वांग्याची एणगाई, शेंगाची चटणी, दह्याचा गोळा, वर हिरवी मिरची. पैसे सांगितले त्यापेक्षा जास्त वाढलं तिने. माझ्याकडे बघून वन्संना काहीतरी म्हणाली. वन्संनी भाषांतर केलं नाही. बसमध्ये चढल्यावर सांगितलं, "ती म्हणत होती, ह्या बाईला झोपवा."

संध्याकाळी गोकाकात करदंट घेतलं. डिंक, गूळ, सुकामेवा. चावायला दात धड पाहिजेत. बेळगावचा कुंदा लोक पाहुण्यांना नेतात, करदंट मात्र स्वतःसाठी घ्यावं, चार दिवस पुरवून खाता येतं.

चौथा दिवस: काही नाही

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचं ठरलं होतं. पहाटेची बस होती. मी उठलेच नाही.

म्हणजे जाग आली तीनला, नेहमीसारखी. अंग ठणकत होतं, कणकण होती. लॉजच्या खोलीत पुसायला गॅस नव्हता, लावायला कागद नव्हते. पंख्याचा आवाज ऐकत परत पडले. पुढचं वन्संनी सांगितलं ते. सहाला हाक मारली, मी हं म्हटलं. आठला चहा आणला, तो गार झाला. दहाला लॉजचा पोरगा खोली झाडायला आला, त्याला परत पाठवला. दुपारी त्यांनी माझ्या नाकाशी हात धरून बघितला, कपाळाला हात लावला, आणि मेडिकलमधून थर्मामीटर आणला. ताप असा नव्हता. दोनदा पाणी प्यायले म्हणे, मला आठवत नाही. दिवे लागल्यावर उठले तेव्हा वन्सं खुर्ची माझ्या कॉटला लावून बसल्या होत्या, मांडीवर पेपर, डोळे माझ्यावर.

"सौंदत्ती राहिली," मी म्हटलं.

"यल्लम्मा कुठं पळून जात नाही. भूक लागली?"

इतकी लागली होती की खालच्या खाणावळीत दोनदा भात घेतला.

डायलिसिसच्या वॉर्डबाहेरच्या बाकावर आम्ही सोबतीची माणसं तासन्‌तास बसायचो. तिथल्या एका गृहस्थांच्या बायकोला किडनी मिळाली, ती हिंडूफिरू लागली, आणि महिन्याभरात हेच बीपी वाढून ॲडमिट. तेव्हा आम्हाला ते नवलाचं वाटलं होतं. धावत होते तोवर त्यांना काही झालं नव्हतं.

ज्यांना सौंदत्ती करायची आहे त्यांनी एवढं ध्यानात घ्या: मार्गशीर्ष आणि माघातल्या पौर्णिमेला डोंगर माणसांनी भरतो, कोल्हापूरकडून गाड्याच्या गाड्या येतात. गर्दी नको असेल तर साधा वार बघा. मंगळवार-शुक्रवार टाळा. बाकी मी काय सांगणार, मी झोपले होते.

पाचवा दिवस: निपाणी

हुक्केरीवरून संकेश्वर, तिथून हायवेने निपाणी. गाडीत सगळा रस्ता मी खिडकीतून ऊस बघितला. वन्संनी बोलायचा प्रयत्न करून सोडून दिला.

निपाणी तंबाखूचं गाव. बाजारातल्या वखारीवरून गेलं की नाकात झणझणतं, नव्या माणसाला शिंका येतात. 1981 मध्ये शरद जोशींच्या पाठीमागे तंबाखूवाले शेतकरी इथल्या हायवेवर बसले होते आणि गोळीबार झाला होता. वन्संच्या सासरी तो विषय निघाला की आजही जेवण लांबतं. त्या दिवशीही लांबलं.

दुपारी दोघी अर्जुननगरला चालत गेलो. देवचंद कॉलेजचा परिसर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. आणि गाव निपाणी कर्नाटकात. चालता चालता राज्य बदलतं. पाट्या मराठीत झाल्या की समजायचं. कॉलेज सुटलं होतं, पोरं-पोरी घोळक्याने चहाच्या गाड्यावर. आम्हीही तिथं बसलो. वन्संची एक जुनी विद्यार्थिनी भेटली, आता तिचा मुलगा या कॉलेजात आहे. तिने विचारलं, घाईत आहात का? वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाही, बसा की. मग तिने आईच्या गुडघ्यांपासून पोराच्या प्रवेशापर्यंत सगळं सांगितलं. गुडघ्यांचा विषय निघाला तेव्हा कोल्हापुरातल्या डॉक्टरचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुसरा चहा झाला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच परत निघाले. आधार दाखवून शून्याचं तिकीट घेतलं. बेळगावात रिक्षातून गल्लीच्या तोंडाशी उतरले तर समोरच्या काकू फुलपुडी घेऊन येत होत्या. माझी पिशवी बघितली, चेहरा पाडला आणि जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "कोण ॲडमिट गं? कुठल्या दवाखान्यात?"

"कुणी नाही, काकू. गोकाकला झोपून आले."

काकूंचा विश्वास बसला नाही. संध्याकाळी ह्यांना बघायला शहाळं घेऊन आल्या.